मानसोपचारातलं एमडी कुठे करावं? कॉलेजचं नाव आणि आपलं जुळणं

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं.)

आज समोर इंटर्न्स आहेत, नीट-पीजीचा निकाल हातात असलेले काही जण आहेत आणि बरेच आई-वडीलही दिसतायत. विषय साधा आहे. एमबीबीएस झालं, सायकिॲट्री करायची हेही ठरलं. आता कुठे करायची?

याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "जिथलं नाव मोठं, तिथे." त्या उत्तराच्या विरोधात बोलायला मी उभी नाही. नाव उगाच होत नसतं. पण नाव कशामुळे झालं आणि त्यातलं तुमच्या वाट्याला काय येणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याची चर्चा सगळे करतात. दुसरा विचारायचा राहून जातो आणि मग तो सहा महिन्यांनी हॉस्टेलच्या खोलीत आठवतो.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. सायकिॲट्री शिकणं म्हणजे मुख्यतः रुग्णाशी बोलायला शिकणं. तुम्ही बोलत असताना कोणीतरी जाणकार माणूस शेजारी बसून ऐकत असेल, तरच ते नीट शिकता येतं. शल्यचिकित्सेत टाका चुकला तर रक्त दिसतं, दहा माणसांना दिसतं. आपल्याकडे प्रश्न चुकला तर काहीच दिसत नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" हे विचारायचं राहून गेलं, तर रुग्ण गोळ्या घेऊन शांतपणे घरी जातो. तुम्हालाही वाटतं, केस छान झाली. ती चूक दाखवणारा कोणी नसेल, तर तीन वर्षांनी हातात डिग्री असते आणि ती चूकही तशीच सोबत असते. म्हणून कॉलेज निवडताना पहिला प्रश्न हा असावा: तिथे माझं बोलणं कोण ऐकणार आहे?

तुमची मुलाखत कोणी घेत नाही

आपली प्रवेशाची पद्धत आधी नीट समजून घेऊ. एम्स, चंडीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर, बंगळुरूचं निमहान्स अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. बाकी जवळपास सगळीकडे नीट-पीजी. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या निम्म्या राज्याच्या प्रक्रियेतून, म्हणजे महाराष्ट्रात सीईटी सेलमार्फत.

या सगळ्या प्रक्रियेचं नाव काय, तर काउन्सेलिंग! आपल्या शाखेतल्या माणसाला हसू यावं असाच शब्द आहे. कारण या काउन्सेलिंगमध्ये तुमच्याशी कोणी बोलतच नाही. रँक, कोटा आणि तुम्ही भरलेली पसंतीची यादी, एवढंच मशीन बघतं.

अमेरिकेत हे निराळं आहे. तिथे उमेदवार वेगवेगळ्या ठिकाणी मुलाखती देतात. मग उमेदवार संस्थांची क्रमवार यादी देतो, संस्था उमेदवारांची देते आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. त्याला 'मॅच' म्हणतात. या जुळवणीची पद्धत १९९० च्या दशकात नव्याने बसवणारे अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, लॉइड शॅपली यांच्यासोबत. तिथे "आपलं जमेल का?" हे दोन्ही बाजू एकमेकांना विचारून घेतात.

आपल्याकडे ते कोणीच विचारत नाही. रँकने दार उघडतं, पण आत गेल्यावर जमेल का हे तपासायची सगळी जबाबदारी एकट्या तुमच्यावर येते. म्हणजे त्या विभागाची मुलाखत तुम्हीच घ्यायची. ती कशी, ते पुढे सांगते.

यादी भरताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पसंतीक्रम खराखुरा भरा. "हे वर टाकलं तर ते खालचं हातचं जाईल" अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. तुमच्या रँकचा नंबर आला की यादी वरून खाली तपासली जाते आणि मोकळी असलेली पहिली जागा मिळते. वरची मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. उलट, यादीत कुठेही टाकलेली जागा मिळूच शकते. तेव्हा जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नको. आणि कुठल्या राउंडनंतर सीट सोडली तर काय भुर्दंड पडतो, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. गेल्या वर्षीच्या मित्राला विचारून चालत नाही, नियम बदलतात.

नाव कशामुळे होतं?

आता नावाकडे येऊ. काही उदाहरणं बघू.

बंगळुरूचं निमहान्स. १९५४ मध्ये तिथल्या मानसिक रुग्णालयासोबत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये दोन्ही एकत्र होऊन आजची संस्था झाली. सायकिॲट्री, न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, क्लिनिकल सायकॉलॉजी, सायकिॲट्रिक सोशल वर्क हे सगळं एकाच आवारात. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण त्यांनीच केलं. म्हणजे हे नाव संशोधनाचं आहे, उपशाखांचं आहे आणि देशभरातून तिथे येणाऱ्या अवघड रुग्णांचं आहे.

रांचीचं सीआयपी १९१८ मध्ये सुरू झालं, तेही युरोपीय रुग्णांसाठी. आज तिथली ओळख म्हणजे मोठं आवार, दाखल रुग्णांची मोठी संख्या आणि दीर्घकाळच्या आजारांचा निवांत अभ्यास.

चंडीगडच्या पीजीआयमधला सायकिॲट्री विभाग १९६३ मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी उभा केला. मनोरुग्णाला गावाबाहेरच्या वेगळ्या रुग्णालयात न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयातच उपचार द्यायचे, या विचाराशी ते नाव जोडलेलं आहे. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात तर १९३८ मध्येच असा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला होता. दिल्लीच्या एम्सकडे व्यसनाधीनतेसाठी गाझियाबादला स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे.

प्रत्येक नाव वेगळ्या गोष्टीचं आहे, हे लक्षात आलं ना? "कुठलं सगळ्यात चांगलं?" याऐवजी "कशासाठी चांगलं?" असं विचारलं, की उत्तरं मिळायला लागतात.

दुसरी गोष्ट, नाव नेहमी मागून येतं. आजचं नाव हे गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या कामाचं असतं. तुमचं शिक्षण पुढच्या तीन वर्षांत होणार आहे. ज्या प्राध्यापकांमुळे विभाग गाजला ते निवृत्त झाले असतील, बदलून गेले असतील. आणि एखाद्या जिल्ह्याच्या कॉलेजात दोन तळमळीचे शिक्षक नुकतेच आले असतील, ज्यांचं नाव व्हायला अजून दहा वर्षं लागतील. म्हणून संस्थेच्या इतिहासाबरोबर आज तिथे कोण शिकवतंय, हेही बघायचं.

तीन प्रकारची ठिकाणं

ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

पहिला, मानसिक आरोग्याची स्वतंत्र संस्था. इथे स्किझोफ्रेनियाचे, कॅटाटोनियाचे, वर्षानुवर्षं आजारी असलेले रुग्ण भरपूर दिसतात. पुनर्वसन, न्यायवैद्यक प्रकरणं, मुलांचे विभाग बघायला मिळतात. पण मेडिसिनच्या वॉर्डमधून रात्री दोनला येणारा कॉल इथे क्वचित.

दुसरा, मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयातला विभाग: मुंबईतली केईएम, नायर, सायन, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल. इथे तो रात्रीचा कॉल रोजचा. दारू अचानक सुटल्याने भ्रमिष्ट झालेला माणूस, विषारी औषध प्यायलेली मुलगी, बाळंतपणानंतर बिघडलेली बाई, आयसीयूमधला गोंधळलेला म्हातारा. बाहेर पडून बहुतेकांना जी प्रॅक्टिस करायची असते, तिच्या सगळ्यात जवळचं शिक्षण हे. अडचण एकच. ओपीडी इतकी तुडुंब असते की एका रुग्णाला पाच मिनिटंही देता येत नाहीत आणि हळूहळू तीच सवय लागते.

तिसरा, मानसिक रुग्णालयाचा आधार असलेला विभाग. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था गोवा मेडिकल कॉलेजशी जोडलेली आहे. असा आधार असेल तर दोन्ही जगांची ओळख होते. तेव्हा विचारायचं: रेसिडेंट्सची तिथे पोस्टिंग होते का, किती महिने, आणि तिथे शिकवतं कोण?

व्यसनमुक्तीचंही तसंच. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात सुरू झालं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. अशी केंद्रं जवळ असतील आणि विभागाचे त्यांच्याशी संबंध असतील, तर बरे झालेले पेशंट आणि समुपदेशक तुमचे शिक्षक होतात. पुस्तकातून ते मिळत नाही.

भाषेचा मुद्दा

हा मुद्दा आपल्या शाखेत जितका मोठा आहे, तितका दुसऱ्या कुठल्याच शाखेत नाही. एक्स-रे सगळ्या भाषांत सारखाच दिसतो. मन तसं नाही.

मनःस्थितीच्या तपासणीत आपण रुग्णाला म्हणीचा अर्थ विचारतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय? कोणी सांगतं, "अंगण नीट करून घ्यावं." कोणी सांगतं, "स्वतःला जमत नाही म्हणून दुसऱ्याला दोष देणं." यातून अमूर्त विचार करण्याची क्षमता कळते. आता तुम्ही सातारचे आणि शिकताय चंडीगडला. तिथली म्हण तुम्हालाच कोणीतरी समजावून सांगावी लागणार!

तपासणीचं सोडा, साधी तक्रार घ्या. 'जीव घाबरतो', 'मन लागत नाही', 'डोक्यात मुंग्या येतात', 'कोणीतरी करणी केली', 'बाहेरचं आहे', 'अंगात येतं'. यातलं दुःख कुठलं, भीती कुठली, श्रद्धा कुठली आणि आजार कुठला, हे ओळखायला शब्दांच्या मागचं घर माहीत असावं लागतं. दुसऱ्या राज्यात पहिलं वर्ष भाषा शिकण्यातच जातं.

म्हणून बाहेर जाऊच नये का? तसं नाही. नवी भाषा शिकताना माणूस ऐकायला शिकतो, गृहीत धरणं कमी होतं. तो मोठा फायदा आहे. पण ही किंमत आहे, हे माहीत असून ती मोजा. भाषा शिकायचा उत्साह नसेल, तर मोठ्या नावाच्या संस्थेतसुद्धा तुम्ही दुभाष्याच्या भरवशावर राहाल.

विभागाची मुलाखत कशी घ्यायची?

शक्य असेल तर एक दिवस तिथे जाऊन या. परवानगी घेऊन ओपीडीत मागच्या बाकावर बसा. आणि दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंट्सशी बोला. पहिल्या वर्षाचा दमलेला असतो, त्याला सगळंच वाईट दिसतं. तिसऱ्या वर्षाचा थीसिस आणि परीक्षेत बुडालेला असतो. दुसऱ्या वर्षाच्या माणसाला दोन्ही टोकं दिसत असतात.

त्याला मत विचारू नका. "कसं आहे?" विचारलं की "चांगलं आहे" हेच उत्तर येतं. घडलेलं विचारा. हे प्रश्न लिहून घ्या:

१. गेल्या आठवड्यात तुम्ही रुग्णाशी बोलत असताना सर किंवा मॅडम शेजारी किती वेळा बसले?

२. नवीन रुग्णाची पूर्ण माहिती घ्यायला तुम्हाला किती वेळ मिळतो? ती नंतर कोणासमोर मांडता?

३. गेल्या महिन्यात किती केस प्रेझेंटेशन ठरली होती आणि त्यातली प्रत्यक्षात किती झाली?

४. तुम्ही स्वतः सायकोथेरपीच्या किती केसेस घेतल्या? त्यावर चर्चा कोण करतं?

५. विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर आहेत का? त्यांच्याकडून शिकायला मिळतं का?

६. मुलांची ओपीडी, व्यसनमुक्ती, न्यूरॉलॉजी यांच्या पोस्टिंग्ज खरंच होतात की कागदावरच असतात?

७. नाइट ड्युटी किती दिवसांनी येते? दुसऱ्या दिवशी झोपायला मिळतं का?

८. एखादा रेसिडेंट आजारी पडला, तेव्हा काय झालं?

आठव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बारकाईने ऐका. विभागाचा स्वभाव त्यातून कळतो.

नियम काय म्हणतात, तेही माहीत असू द्या. पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांत कामाचे वाजवी तास, आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस पगारी किरकोळ रजा लिहिलेली आहे. तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सीही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. विभागात ईसीटी कशी देतात, रुग्णाची संमती कशी घेतात, दाखल करतानाचे कागद कोण समजावून सांगतं, हे बघितलंत की तिथे रुग्णाकडे माणूस म्हणून बघतात का, ते अर्ध्या तासात कळतं.

जुळणं म्हणजे लाड नव्हे

आता आई-वडिलांसाठी थोडं. "तीनच वर्षं आहेत, काढ कशीतरी" असं आपण म्हणतो. इतर शाखांत ते कदाचित चालून जात असेल. इथे मुलगा किंवा मुलगी दिवसभर इतरांचं दुःख ऐकणार आहे. रात्री फोन करायला माणूस हवा, जेवण बरं हवं, झोप हवी. घरात कोणी आजारी असेल, लग्न ठरलेलं असेल, जोडीदार दुसऱ्या शहरात असेल, तर तेही निवडीचे खरे निकष आहेत. ते सांगताना कोणी ओशाळू नये.

पैशाचंही स्पष्ट बोला. खासगी आणि अभिमत कॉलेजांची फी, स्टायपेंड वेळेवर मिळतो का, बाँड किती वर्षांचा. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती न केल्यास भरायची रक्कम लाखांत असते. कर्ज काढून डिग्री घेतली की पहिल्या दिवसापासून भराभर रुग्ण बघायची घाई होते. त्या घाईत आपली शाखा मरते.

आणि सुरक्षितता. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या रेसिडेंट डॉक्टरची हत्या झाली. ड्युटी रूमला आतून कडी आहे का, रात्री वॉर्डात सुरक्षारक्षक असतो का, हॉस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे प्रश्न मुलींनीच नाही, सगळ्यांनी विचारायचे आहेत.

मग ठरवायचं कसं? समजा, एकीला संशोधनाची खरी ओढ आहे, पुढे मुलांच्या मानसोपचारात डीएम करायचंय आणि घर सोडायची तयारी आहे. तिने निमहान्ससारखी जागा जरूर वर टाकावी, भाषेची किंमत मोजून. दुसऱ्याला परत सोलापूरला जाऊन प्रॅक्टिस करायची आहे, घरी वडील आजारी आहेत. जवळच्या सरकारी कॉलेजात शेजारी बसून ऐकणारे दोन शिक्षक असतील, तर दूरच्या मोठ्या नावापेक्षा ते त्याच्यासाठी चांगलं शिक्षण आहे. दोघंही बरोबर आहेत. चूक होते ती दोघांनी एकमेकांची यादी कॉपी केल्यावर.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मॅडम, नाव नसलेल्या कॉलेजातून एमडी केलं तर प्रॅक्टिसमध्ये मागे पडतो का?

उत्तर: अध्यापनात किंवा संशोधनात जायचं असेल तर सुरुवातीला नावाचा उपयोग होतो, ते नाकारणार नाही. प्रॅक्टिसमध्ये रुग्ण तुमची डिग्री एकदा वाचतो, तीही भिंतीवर. दुसऱ्यांदा येतो ते तुम्ही ऐकून घेतलं म्हणून. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, प्रसिद्ध अंदाज ०.७५ चा आहे. काम कमी पडणार नाही. ते नीट करता येतंय का, एवढंच बघायचं.

प्रश्न: एमडी की डीएनबी?

उत्तर: दोन्ही तीन वर्षांचे आणि मान्यताप्राप्त. डीएनबीमध्ये रुग्णालयारुग्णालयांत फरक फार, म्हणून ते आठ प्रश्न तिथे जास्त काटेकोरपणे विचारा. शिकवणारे पूर्णवेळ आहेत का आणि दाखल रुग्णांचा वॉर्ड आहे का, हे दोन त्यात वाढवा.

प्रश्न: मला स्वतःला डिप्रेशनची गोळी चालू आहे. मी ही शाखा घेऊ का?

उत्तर: तुम्ही हे सगळ्यांसमोर विचारलंत, त्याबद्दल आधी आभार. गोळी चालू असणं हे ही शाखा न घेण्याचं कारण नाही. मधुमेह असलेला डॉक्टर मधुमेहावर उपचार करतोच की. तुमच्या निवडीच्या यादीत मात्र एक ओळ वाढेल: त्या गावात, पण त्या विभागाबाहेर, मला माझा डॉक्टर मिळेल का? आपल्याच सरांकडे उपचार घ्यायची वेळ येऊ नये. ते सर असतील, गाइड असतील, परीक्षकही असतील. ही सोय आधी करून ठेवा, सुरू असलेले उपचार स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि रात्रीच्या ड्युट्या कशा लागतात ते नीट विचारून घ्या, कारण झोप बिघडली की आजार डोकं वर काढतो. जो विभाग आपल्या आजारी रेसिडेंटला सांभाळून घेत नाही, तिथे रुग्णाला सांभाळायला कसं शिकवणार? तेव्हा तुमच्यासाठी तो आठवा प्रश्न पहिला.